मोठ्याच्या जोडीला खिशातला

२९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर हातातली बर्फ फोडायची कुऱ्हाड उंचावून उभे असलेले तेनसिंग नोर्गे साऱ्या जगाने फोटोत पाहिले. कुऱ्हाडीच्या दांड्यावर संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांचे झेंडे फडकत होते. मोहिमेचे अधिकृत छायाचित्रकार होते आल्फ्रेड ग्रेगरी. पण आदल्या दिवशी शेवटच्या छावणीपर्यंत ओझी पोहोचवून ते खाली उतरले होते. शिखरावरचा फोटो काढला एडमंड हिलरींनी. त्यांच्याकडे होता सेकंडहँड घेतलेला, तीसच्या दशकातला कोडॅक रेटिना. लेन्स आत दुमडून झाकण लावलं की तो चपटा होई. थंडीने गारठू नये म्हणून हिलरींनी तो चक्क शर्टाच्या आत ठेवला होता.

शर्टाच्या आत मावणं हा गुण कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापला जात नाही. मेगापिक्सेल छापले जातात, झूम छापला जातो. मोठा कॅमेरा आधीच घरात असलेला हौशी छायाचित्रकार दुसरा, छोटा कॅमेरा घ्यायला निघतो तेव्हा तोही याच आकड्यांची तुलना करत बसतो आणि बहुतेक वेळा मोठ्याचीच छोटी आवृत्ती घरी आणतो. वर्षभराने ती कपाटात असते, कारण मोठा कॅमेरा जे करतो तेच ती जरा कमी चांगलं करते. छोटा निवडायचा तो मोठ्याच्या उणिवा पाहून.

हा हिशेब सर्वांत नेटका मांडला तो एका जपानी अभियंत्याने. योशिहिसा मैतानी १९५६ मध्ये ऑलिंपस कंपनीत रुजू झाले. स्वतः लायका वापरणारे. स्वस्त कॅमेरा आखायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी विक्रीची किंमत धरली ६,००० येन, आणि डोळ्यांसमोर ठेवला तो आपल्या लायकाच्या जोडीला बाळगता येईल असा कॅमेरा. मग लेन्समध्ये तडजोड करून चालणार नव्हतं. २८ मिलिमीटरची चार काचांची उत्तम लेन्स बनली आणि खर्चाचा मोठा वाटा तिनेच गिळला. बाकी सगळीकडे काटछाट झाली. फिल्म पुढे सरकवायला लीव्हरऐवजी मागच्या बाजूला अंगठ्याने फिरवायचं साधं चाक आलं. नेहमीची चौकट निम्मी करून १८ × २४ मिलिमीटरवर आणली, त्यामुळे ३६ फोटोंच्या रोलवर ७२ निघू लागले. १९५९ मध्ये बाजारात आलेला हा ‘ऑलिंपस पेन’. काय राखायचं आणि काय सोडायचं, हे ठरवूनच तो जन्माला आला होता.

बदली की जोडीदार?

दुकानात पाऊल टाकण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा. मोठा कॅमेरा बंद पडला तर काम अडू नये म्हणून दुसरा हवा आहे, की मोठा जिथे जातच नाही तिथे न्यायला?

पहिली गरज लग्नाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकाची. अक्षता पडत असताना शटर अडकलं तर पुन्हा मुहूर्त मागता येत नाही. त्याला त्याच लेन्स लागतील अशी दुसरी बॉडीच हवी. व्यावसायिक बॉडीत दोन मेमरी कार्डं बसतात आणि फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरतो. खिशातल्या कॅमेऱ्यात बहुधा एकच कार्ड असतं. बदली म्हणून तो लंगडाच.

दुसरी गरज भागवणं मात्र खास खिशातल्या कॅमेऱ्याचंच काम. ताडोबातलं उदाहरण घ्या. जिप्सीत बसलेल्याच्या हातात १८०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स असते. निकॉनच्या अशा लेन्सचं वजन १,९५५ ग्रॅम, बॉडी वेगळी. दूरवरच्या पाणवठ्यावरच्या वाघासाठी तिला तोड नाही. पण वाघ रस्त्यावर आला, गाडीपासून पाच मीटरवर उभा राहिला, की तीच लेन्स गोत्यात आणते. १८० मिलिमीटरवर पाच मीटर अंतरावरचा जेमतेम एक मीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो. म्हणजे वाघाचं तोंड आणि खांदे. २८ मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यात त्याच अंतरावर सहा मीटरहून जास्त रुंदी येते. वाघ, त्याच्यामागचा बांबू, पलीकडची दुसरी जिप्सी, सगळं. ताडोबात सफारीला मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे ‘फोन आहे की’ हा युक्तिवादही तिथे चालत नाही.

फोनचा युक्तिवाद एरवी मात्र भक्कम आहे. जपानच्या कॅमेरा उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले गेले आणि त्यांतले बहुसंख्य खिशातले होते. २०२३ मध्ये खिशातल्यांची संख्या १७ लाखांच्या आसपास उरली. बाकीचा बाजार फोनने खाल्ला. त्यामुळे आज छोटा कॅमेरा घेताना तो फोनपेक्षा नेमकं काय जास्त देतो, हे तपासलंच पाहिजे: मोठा सेन्सर, खरीखुरी काचेची झूम, पाण्यात बुडवता येण्याची ताकद, किंवा डोळे मिटूनही बोटांना सापडणारी बटणं. यांतलं एकही हवं नसेल, तर पैसे वाचवलेले बरे.

काचेचं आणि सेन्सरचं गणित

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. रिको जीआर ३ किंवा फूजीफिल्म एक्स१०० मालिकेतला सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात निम्म्याहून कमी. सोनी आरएक्स१०० मधला ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेमचा सातवा-आठवा हिस्सा. क्षेत्रफळ जास्त तर प्रकाश जास्त आणि अंधारात दाणे कमी, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

लेन्स हिशेबात धरली की चित्र पालटतं. जीआर ३ ची लेन्स एफ २.८ ची. आरएक्स१०० च्या तिसऱ्या ते पाचव्या पिढीत २४-७० मिलिमीटरची झूम आहे आणि रुंद टोकाला ती एफ १.८ पर्यंत उघडते. रिकोचा सेन्सर तिपटीहून थोडा मोठा, पण सोनीची लेन्स दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते. म्हणजे रुंद टोकाला दोघे जवळपास बरोबरीत. याच मालिकेच्या सहाव्या-सातव्या पिढीत झूम २०० मिलिमीटरपर्यंत लांबवली आणि लेन्स एफ २.८-४.५ वर आली. लांबचं दिसू लागलं, प्रकाश घटला. नाव एकच, पण दोन वेगळ्या गरजांचे हे दोन वेगळे कॅमेरे. दुकानदाराने ‘नवीन मॉडेल घ्या’ म्हटलं तरी दिवाणखान्यातल्या मंद उजेडात नातवंडांचे फोटो काढणाऱ्याला जुनी पिढी जास्त उपयोगी ठरू शकते.

अजिंठ्याच्या लेण्यांत याची परीक्षाच होते. तिथे फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी स्थिर असतो, हलतो तो फोटो काढणाऱ्याचा हात. कंप सावरणारी यंत्रणा असेल तर सेकंदाच्या आठव्या भागाएवढ्या संथ शटरवरही चित्र स्वच्छ येऊ शकतं. तीच यंत्रणा कीर्तनात टाळ वाजवणाऱ्या हातांपुढे मात्र निरुपयोगी, कारण ती छायाचित्रकाराचा हात सावरते, टाळकऱ्याचा नव्हे. तिथे उघडी लेन्स आणि वेगवान शटरच लागतं.

रस्त्यावर, गर्दीत

मॅग्नम फोटोज या संस्थेचे छायाचित्रकार ॲलेक्स मायोली यांनी २००३ मध्ये काँगो आणि इराकमध्ये काम केलं ते ऑलिंपस सी-५०५० या पाच मेगापिक्सेलच्या छोट्या कॅमेऱ्यांवर. तेव्हाचे छोटे डिजिटल कॅमेरे एक फोटो साठवून होईपर्यंत ताटकळत ठेवायचे, म्हणून ते एकाहून जास्त कॅमेरे बाळगत. हातात पर्यटकाचा वाटावा असा कॅमेरा असला की समोरचा माणूस सावरून बसत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

जपानचे दाइदो मोरियामा रिको जीआरच्या फिल्म काळापासूनच्या अवतारांसह रस्त्यावर हिंडत आले आहेत. या मालिकेतली ‘स्नॅप फोकस’ ही सोय रस्त्यावरच्या कामासाठीच आहे. कॅमेऱ्याला फोकस शोधायलाच लावायचं नाही, अंतर आधीच ठरवून ठेवायचं. जीआर ३ वर अडीच मीटर अंतर आणि एफ ८ छिद्र ठेवलं की साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंतचं सगळं पुरेसं रेखीव येतं. बटण एका दमात खाली दाबायचं की झालं. पंढरपूरच्या वाटेवर रिंगण बघायला लोटलेल्या गर्दीत, जिथे कॅमेरा डोळ्याला लावायलाही जागा नसते, तिथे छातीशी धरून फोटो घेता येतो. वजन बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम, त्यामुळे झब्ब्याचा खिसाही लोंबत नाही.

फूजीफिल्मचा एक्स१००-६ गुणांनी भारी, पण वजन ५२१ ग्रॅम आणि लेन्स आत जात नाही. तो खिशातला म्हणता येणार नाही, खांद्याला अडकवायचा. तरी ज्याच्याकडे फूजीचाच एक्स-टी३० किंवा एक्स-टी५० आहे, त्याच्यासाठी एक गोष्ट मोलाची आहे: दोन्हींना एकच बॅटरी चालते, रंगांच्या छटाही बऱ्याचशा सारख्या. छोट्या कॅमेऱ्यांचा खरा अशक्तपणा बॅटरीतच असतो. प्रमाणित चाचणीत जीआर ३ एका चार्जवर सुमारे २०० फोटो काढतो, तर निकॉन डी८५० सारखा मोठा कॅमेरा १,८४०. जास्तीच्या बॅटरीचा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरावा.

पावसात

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर फिरणाऱ्याचं गणित पुन्हा निराळं. आंबोलीच्या सड्यांवरचे बेडूक आणि कास पठारावरची नखाएवढी फुलं बघायची ती धुक्यात, पावसात, गुडघे चिखलात रुतवून. मोठा कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळेपर्यंत बेडूक गेलेला असतो. टीजी-७ सारखा कॅमेरा १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि सूक्ष्म छायाचित्रणासाठी एक सेंटिमीटरवरूनही फोकस करतो. त्याचा सेन्सर फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याएवढाच, त्यामुळे संध्याकाळी कुरकुरतो. पण मॅक्रोमध्ये लहान सेन्सरचा फायदाही होतो: फुलाच्या पुढच्या पाकळीपासून मागच्या दवबिंदूपर्यंत जास्त खोली रेखीव मिळते. अशा कॅमेऱ्याची काळजी एकच, पण ती काटेकोर. बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कडेवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं. समुद्रात वापरला तर नंतर गोड्या पाण्यात भिजवून ठेवायचा.

जुना घेताना

छोट्या कॅमेऱ्यांना अलीकडे पुन्हा भाव आला आहे. २०२२ नंतर समाजमाध्यमांमुळे फूजी एक्स१००व्ही दुकानांतून गायब झाला, कॅनन जी७एक्स मार्क ३ साठीही प्रतीक्षायाद्या लागल्या. साहजिकच जुन्या मालाकडे नजर वळते. तो तपासताना पाच मिनिटं पुरतात. कॅमेरा चार-पाच वेळा चालू-बंद करून लेन्स बाहेर येताना खरखर होते का ऐकावं. छिद्र एफ १६ वर किंवा त्या कॅमेऱ्यात शक्य तितकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून पाहावा. करडे ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर आहे. आत-बाहेर होणारी लेन्स हवेबरोबर धूळही ओढते आणि लेन्स सुटी होत नसल्याने ती घरी झटकता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. बॅटरी टेबलावर ठेवून गोल फिरते का बघावं. फिरली तर ती फुगलेली आहे. परदेशातून आणलेल्या नव्या कॅमेऱ्यावर इथे वॉरंटी मिळेल का, हे बिल हातात पडण्याआधी विचारावं.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवावीत, तारखेसकट. नाहीतर सहलीचे फोटो संगणकावर वेळेप्रमाणे लावायला घेतले की जिप्सी गेटातून आत शिरण्याआधीच वाघ येऊन गेलेला असतो.