मालवणच्या पाण्याखाली

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौ. किमी, किल्ला आणि पद्मगड सामावणारा गाभा त्यातला जेमतेम ३ चौ. किमी.

पोवळ्याला धरून बसायला कठीण तळ लागतो, म्हणून ते इथे बुडालेल्या खडकांवर पुंजक्यापुंजक्यांनी वाढतं. पावसाळ्यात खाड्यांतून गोडं पाणी नि गाळ येतो. प्रकाश अडला की पोवळ्याच्या शरीरातल्या सूक्ष्म शैवालांचं अन्न बनवणं मंदावतं. तरीही ते इथे टिकून आहे, हे विलक्षणच! घुमटाकार पोवळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं; होडीचा एक नांगर घासला, तर कित्येक वर्षांची वाढ जाते. पावसाळा सरला की खडकांवर सरगॅसम या तपकिरी शेवाळाचं रान माजतं आणि माशांच्या पिल्लांना आडोसा मिळतो.