गार्लंड रस्त्यावरील घर

१९२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी डॉ. ऑसियन स्वीट हा कृष्णवर्णीय वैद्य गार्लंड रस्त्यावरील आपल्या नव्या विटांच्या घरात राहावयास आला, तेव्हा त्याच्या तुटपुंज्या सामानात दहा बंदुका-पिस्तुले आणि पुरेशी काडतुसे होती. नव्या घरात पाऊल ठेवताना आपल्याकडे पाण्याचा कलश आत नेतात. ह्या गृहस्थावर शस्त्रे नेण्याची पाळी आली, कारण वस्ती गोऱ्यांची होती आणि त्याच उन्हाळ्यात अशाच वस्तीत घर घेतलेल्या दुसऱ्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरास जमावाने हुसकून लावले होते. दुसऱ्याच रात्री, ९ सप्टेंबरला, घरासमोर गर्दी जमली, दगड आले, काचा फुटल्या, आणि वरच्या मजल्यावरून झाडलेल्या गोळ्यांनी रस्त्यावरील एक गोरा मनुष्य ठार व दुसरा जखमी झाला. पोलीस तेथे बंदोबस्ताला होतेच. त्यांनी घरातील अकराही जणांना, डॉक्टरच्या पत्नीसह, खुनाच्या आरोपाखाली कैद केले.

स्वसंरक्षणाचे तत्त्व आपणांस नवे नाही. मेकॉलेच्या मसुद्यातून उतरलेल्या भारतीय दंड संहितेत ते ९६ ते १०६ ह्या कलमांत होते, आज भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत आहे. इकडे काय, तिकडे काय, सारा भार एका शब्दावर पडतो : आरोपीला वाटलेली भीती वाजवी होती काय? हा शब्द आपण भावाला लावतो, भाड्याला लावतो. बाजारातील वाजवी काय ते चार दुकाने हिंडून कळते. भीतीचा मात्र बाजार भरत नाही. ती तोलावयाची म्हणजे तोलणाऱ्याने स्वतःच्याच मनातील वजने वापरावयाची, आणि डेट्रॉइटच्या ज्यूरीतील बाराही पुरुष गोरे होते. ज्यूरीची घडण निकालाला कशी वळण देते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. १९०८ साली मुंबईत टिळकांच्या खटल्यात नऊ ज्यूरर होते, पैकी सात युरोपियन व दोन पारशी, आणि दोषी-निर्दोषीचा कौलही सात विरुद्ध दोन असाच पडला.

स्वीटच्या बचावासाठी नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो उभा राहिला. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, रस्त्यावर जमाव असा नव्हताच, चार माणसे काय ती उभी होती. एक साक्षीदार सांगू लागला की पुष्कळ गर्दी होती. मग जीभ चावून त्याने ती गर्दी उत्तरोत्तर कमी करीत थोड्या लोकांवर आणली. डॅरोने उलटतपासणीत त्याला तेथेच गाठले आणि 'थोडे लोक' हा शब्दप्रयोग पोलिसांनी पढविलेला होता, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले.

परंतु माझ्या मते खटल्याचा खरा कणा डॉक्टरची स्वतःची जबानी हाच होय. फ्लॉरिडातील बार्टो गावी आपण लहानपणी एका कृष्णवर्णीयास जमावाने जिवंत जाळलेले पाहिले, असे त्याने सांगितले. १९१९ च्या वर्णद्वेषी दंगलींच्या हकिकती सांगितल्या. आणि दार उघडताच आपल्या लोकांचा इतिहासभर पाठलाग करणारा तोच जमाव आपल्यापुढे उभा दिसला, अशा अर्थाचे तो बोलला. सरकारी वकिलाच्या हरकतीला न जुमानता न्यायाधीश फ्रँक मर्फी ह्यांनी हे सारे ऐकू दिले. पहिल्या वेळी ज्यूरीत एकमत झाले नाही. १९२६ च्या मे महिन्यात डॉक्टरचा धाकटा भाऊ हेन्री ह्यास, पुन्हा गोऱ्याच ज्यूरीने, निर्दोष ठरविले. पुढे इतरांवरील आरोपही काढून घेण्यात आले.

ज्या फ्लॉरिडातून स्वीट ती आठवण घेऊन आला, त्याच राज्याने २००५ साली असा कायदा केला की घराबाहेरही, जेथे असण्याचा हक्क आहे तेथे, स्वसंरक्षण करताना मनुष्याने माघार घेण्याचे कारण नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत तेथील सॅनफर्ड गावी ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून गोळ्या-चॉकलेटे घेऊन परतताना वस्तीवर नजर ठेवणाऱ्या एका स्वयंसेवकाच्या गोळीला बळी पडला. झटापट झाली होती, गोळी झाडणारास जखमाही होत्या, हे खरे. परंतु त्याआधीच त्याने मुलास संशयित ठरवून पोलिसांना फोन केला होता. अटकेला सहा आठवडे लागले, आणि पुढल्या वर्षी तो सुटला. उलट त्याच राज्यातील जॅक्सनविल येथे एका कृष्णवर्णीय स्त्रीने मारकुट्या नवऱ्याला धाक देण्यापुरती गोळी झाडली, कोणाला इजा झाली नाही; तिची स्वसंरक्षणाची सबब ज्यूरीने बारा मिनिटांत फेटाळली व तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला तो अशासाठी की, न्यायाधीशाने ज्यूरीला समजावताना स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा बोजा चुकीने तिच्यावरच टाकला होता. अर्बन इन्स्टिट्यूट ह्या संस्थेने २००५ ते २०१० च्या सरकारी नोंदी चाळल्या, तेव्हा गोऱ्याने कृष्णवर्णीयास मारल्याच्या सुमारे ११ टक्के घटना समर्थनीय ठरल्याचे आढळले, कृष्णवर्णीयाने गोऱ्यास मारल्याच्या जेमतेम १ टक्का. ह्या नोंदींत प्रसंगाचा सगळा तपशील येत नाही, हे ध्यानात घेऊनही अंतर मोठे आहे.

मर्फी ह्यांनी भीतीच्या पूर्वेतिहासाला कोर्टात जागा दिली, ते मला न्याय्यच वाटते. पण त्याच दारातून पूर्वग्रहही भीतीचे सोंग घेऊन आत येतो. स्वीटच्या भीतीखाली फुटलेल्या काचांचा खच होता. सॅनफर्डच्या फोनखाली पावसात डोक्यावर टोपी ओढून चाललेला एक मुलगा.

खटल्यानंतर थोड्याच वर्षांत स्वीटची लहान मुलगी आणि मागोमाग पत्नी क्षयाने गेली. तो स्वतः गार्लंड रस्त्यावरील घरी परतला व तेथे कित्येक वर्षे राहिला. १९६० साली त्याने पिस्तुलानेच आपले आयुष्य संपविले.