पंचविशीतला मधुमेह: नेमका कोणता?

सव्विसाव्या वर्षी रक्तातली साखर ३२० निघते, डॉक्टर मेटफॉर्मिन लिहून देतात आणि गोड बंद करायला सांगतात. मधुमेह आहे हे कळलं, पण तो कोणता, हे बहुतेक वेळा विचारलंच जात नाही. औषध मात्र त्यावरच ठरतं.

आकडे

मधुमेह ठरतो तो यावरून: साखर उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. सिकलसेल असेल तर एचबीए१सीवर विसंबू नये. विदर्भात आणि नंदुरबारकडे तो जास्त आढळतो, म्हणून तिथे हे आवर्जून लक्षात ठेवायला हवं. लोह कमी असेल तर हाच आकडा उगाच फुगतो.

वय आणि अंगकाठी

टाइप १ लहान मुलांनाच होतो, हा समज अजून गेलेला नाही. तो तिशीतही होतो, आणि कधी इतका सावकाश येतो की काही महिने, काही वर्षंसुद्धा गोळ्यांवर भागतं. मग साखर आवरेनाशी होते आणि पेशंटलाच पथ्य न पाळल्याबद्दल बोलणी खावी लागतात.

उलट चूकही होते. सडपातळ पोरगा दिसला की टाइप १ चा शिक्का! दिसायला बारीक असलेल्या भारतीयांच्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वीच दाखवून दिलंय. त्यामुळे आपल्याकडे टाइप २ तरुण आणि बारीक माणसालाही गाठतो.

कोणत्या तपासण्या मागायच्या

आधी जीएडी अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलंय का, याची खूण. ती पॉझिटिव्ह आली आणि बाकीचं चित्र जुळलं, तर टाइप १. निगेटिव्ह आली तरी शंका फिटत नाही. मग आयए-२ आणि झेडएनटी८ या अँटिबॉडीही पाहतात.

मग सी-पेप्टाइड. शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं, ते यातून कळतं. त्याच वेळची साखरही मोजायला हवी, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही. शिवाय साखर खूप चढलेली असताना सी-पेप्टाइड तात्पुरतं कमी दिसू शकतं, आणि टाइप १ च्या सुरुवातीला बरंच शिल्लक असतं. म्हणून ही तपासणी पुढे पुन्हा करण्यात काही गैर नाही.

पोट वारंवार दुखत असेल, शौचाला तेलकट होत असेल, तर मधुमेह स्वादुपिंडातल्या खड्यांमुळे तर नाही ना, हे सोनोग्राफीत बघून घ्यावं.

आजोबा, आई, मी

तीन पिढ्यांत तरुणपणीच मधुमेह, अँटिबॉडी निगेटिव्ह, सी-पेप्टाइड चांगलं: अशा वेळी 'मोडी' हा एका जनुकातल्या दोषाचा प्रकार असू शकतो. जनुकीय चाचणी महाग आहे, पण इथे ती वसूल होते. जीसीके प्रकारात साखर आयुष्यभर थोडीच वर राहते आणि गरोदरपण सोडलं तर सहसा औषध लागत नाही. एचएनएफ१ए प्रकारात ग्लिक्लाझाइडसारख्या गोळीचा छोटा डोसही छान लागू पडतो. काहींचं इन्सुलिनही सुटतं. अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आपल्या मनाने नव्हे.

रिपोर्टची वाट पाहू नये तेव्हा

वजन झपाट्याने उतरतंय, तहान भागत नाही, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास: किटोन वाढल्याची ही लक्षणं. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं. आधी इन्सुलिन, प्रकार मागाहून ठरवता येतो. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या चालू असतील तर साखर २०० च्या आसपास असतानाही किटोन वाढू शकतात. तेव्हा ग्लुकोमीटरचा आकडा बघून निवांत राहू नये. केमिस्टकडे मिळणाऱ्या पट्टीने लघवीतले किटोन तपासावेत आणि कोणती गोळी चालू आहे, ते कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना आधी सांगावं.