मूळ, भाकरी आणि लिंबाची फोड

महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे. या बेसाल्टमध्ये वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास लोह असते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि कोकणातला जांभा तांबडा दिसतो, तोही लोहाच्या गंजामुळेच. आपण लोहावर घरे बांधतो, लोहात पेरणी करतो, पावसाळ्यात लोहाचाच चिखल तुडवतो. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, पण त्यातले एक फार मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे.

मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असते ते अवघे तीन-चार ग्रॅम. पायाखाली अमाप आणि अंगात मात्र अपुरे, असे कसे होते? या प्रश्नाचे उत्तर शेत आणि ताट यांच्या मधल्या वाटेवर सापडते, आणि ही वाट गावातल्या मुलांना दाखवू शकेल अशी तरुण माणसे दरवर्षी आपल्याकडे आपसूक गावात येतात.

राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) या चार कृषी विद्यापीठांशी जोडलेल्या महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगाव पाठवले जातात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, बीजप्रक्रिया कशी करायची, बोर्डो मिश्रण कसे बनवायचे, गांडूळखताचा वाफा कसा लावायचा, हे ते शेतकऱ्यांना करून दाखवतात. गावातल्या शाळेतही ते जातात. शाळेतला तो एखादा तास मला या साऱ्या कार्यानुभवातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या तासात काय काय मावू शकते, ते पाहू.

आठवी-नववीचा वर्ग बांधावर न्यावा आणि चुनखडीच्या रानातला, केवडा पडलेला ऊस दाखवावा. कोवळी पाने पिवळी-पांढरी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण. कोणीतरी विचारणारच, “ताई, जमिनीत एवढं लोह आहे, तर उसाला का मिळत नाही?”

कारण जमिनीतले लोह बहुतेक सगळे गंजलेल्या रूपात, म्हणजे फेरिक रूपात असते, आणि हे रूप पाण्यात विरघळायला फार नाखूश असते. त्यात जमीन चुनखडीची असेल, तिचा सामू (पीएच) आठच्या वर असेल, तर गोष्ट आणखी अवघड होते. सामू एका अंकाने वाढला की पाण्यातले मुक्त फेरिक लोह हजारपटीने घटते. मुळाच्या चहूबाजूंना लोह आहे, पण मूळ पिऊ शकेल असे लोह जवळपास नाहीच.

भुईमूग, हरभरा, तूर अशी द्विदल झाडे यावर जे करतात ते थक्क करणारे आहे. लोहाची टंचाई जाणवली की त्यांची मुळे भोवतालच्या मातीत आम्ल सोडू लागतात. इवल्या मुळापुरती माती आंबट होते आणि थोडे लोह विरघळते. मग मुळाच्या पृष्ठभागावरचे एक विकर त्या फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन देते आणि त्याचे फेरस लोह होते. फेरस रूप सहज विरघळणारे. शेजारीच असलेले एक वाहक प्रथिन त्याला आत ओढून घेते. आधी आम्ल, मग रूपांतर, मग प्रवेश, अशा तीन पायऱ्या.

गवतकुळातल्या पिकांची रीत निराळी. ताकागी या जपानी संशोधकाने १९७६ साली ओट आणि भाताची मुळे धुतलेले पाणी तपासले, तेव्हा त्यात लोहाला घट्ट धरणारी द्रव्ये सापडली. गहू, मका, ज्वारी, भात ही सगळी मंडळी कमीअधिक प्रमाणात अशी द्रव्ये मातीत सोडतात. नदीत गळ टाकावा तसा हा रेणू मातीत जातो, फेरिक लोहाला अडकवतो, आणि मूळ त्या दोघांना एकत्रच आत घेते. बार्लीची मुळे तर हा स्राव दिवसभर सारखा सोडत नाहीत. सूर्य उगवल्यावर काही तास तो भरात असतो, मग ओसरतो. जमिनीखालच्या काळोखातल्या मुळाला सूर्योदयाची वेळ पाळता येते! ऊसही गवतकुळातलाच, पण चुनखडी फार झाली की त्याचा जोर अपुरा पडतो आणि पाने पिवळी होतात.

उत्तर चीनमधल्या चुनखडीच्या जमिनीत संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. एकट्या भुईमुगाची पाने पिवळी पडत होती, पण मक्याच्या ओळींलगतचा भुईमूग हिरवागार राहत होता. मक्याने सैल केलेल्या लोहातला वाटा शेजाऱ्यालाही मिळत होता. आपल्याकडे तृणधान्यात कडधान्य घेण्याची आंतरपिकाची रीत जुनी आहे. तिच्या पोटात असेही काही व्यवहार चालत असतील, हे कळल्यावर बांधावरच्या मुलाला आपल्याच शेताकडे नव्याने पाहावेसे वाटेल.

आता मुलांना जेवायला बसवू. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ. या ताटातले लोहही बहुतांशी फेरिक रूपातलेच, म्हणजे शोषायला अवघड. जे मुळाला करावे लागले तेच आता पोटाला करावे लागते. जठर आम्ल सोडते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींच्या पृष्ठभागावर एक विकर फेरिक लोहाला फेरस करते. शेजारचे वाहक प्रथिन ते आत घेते. आम्ल, रूपांतर, प्रवेश. हरभऱ्याच्या मुळाची रीत इथे माणसाच्या आतड्यात जशीच्या तशी भेटते. रेणू वेगळे, घराणी वेगळी, पण तोडगा एकच. हे शोधही जवळजवळ हातात हात घालून लागले. मुळातला वाहक १९९६ साली ओळखला गेला आणि आतड्यातला १९९७ साली. मुळातले विकर १९९९ साली सापडले आणि आतड्यातले २००१ साली. शेतीशास्त्र आणि वैद्यक आपापल्या दारातून आत शिरले आणि एकाच खोलीत पोहोचले.

हे एकदा समजले की स्वयंपाकघरातल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागतो. उसळीवर पिळलेली लिंबाची फोड चवीपलीकडेही काम करते. लिंबातले क जीवनसत्त्व फेरिक लोहाला फेरस बनवायला मदत करते आणि लिंबाची आम्ले त्याला विरघळलेले ठेवतात. मटकीला मोड आणले की तिच्यातले फायटेट कमी होते. हे फायटेट लोहाला बांधून ठेवते आणि आतड्याच्या हाती लागू देत नाही. ज्वारी-नाचणीचे पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतही हेच घडते. लोखंडी कढईत चिंच किंवा आमसूल घातलेली भाजी कढईतले थोडे लोह आपल्याकडे ओढते. उलट, सकाळी चहा-चपाती किंवा चहा-भाकरी एकत्र खाल्ली की चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात न शिरताच निघून जाते. चहा बंद करायची गरज नाही. जेवणापासून तासाभराने लांब ठेवला तरी फरक पडतो.

हे वर्गात डोळ्यांना दाखवताही येते. केवडा पडलेल्या पिकावर शेतकरी हिराकस फवारतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे. काचेच्या पेल्यात कोरा चहा घ्यावा आणि त्यात हिराकशीच्या पाण्याचे थेंब सोडावेत. चहा बघता बघता काळाभोर होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत, ती याच क्रियेने. टॅनिनने लोहाला पकडले की काय होते, ते पेल्यात उघड दिसते. आता त्यात लिंबू पिळावे. काळेपणा उतरू लागतो, कारण आम्लामुळे टॅनिनची पकड ढिली होते. (हा चहा फक्त पाहायचा, प्यायचा नाही, हे आधी बजावून सांगावे.) आणि हिराकशीच्या फवारणीतही लिंबूसत्व घालतात, ते द्रावणातले लोह गंजून निरुपयोगी होऊ नये म्हणून. ताटातले लिंबू आणि पंपातले लिंबूसत्व एकच काम करतात, हे ज्या मुलाला उमगले त्याला रसायनशास्त्र परके वाटणार नाही.

आत गेलेल्या लोहाचे शरीर काय करते, हेही सांगायलाच हवे. आपण दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतो. पण अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होत असतात. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. म्हणजे एका पेशीत शंभर कोटींहून जास्त अणू! हे भागते कसे? तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि ती संपली की तिच्यातले लोह शरीर जपून काढून नव्या पेशीला देते. रोज लागणारे वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह बहुतेक या जुन्या साठ्यातूनच येते. मात्र वाढीच्या वयात रक्ताचे एकूण प्रमाण वाढते आणि मुलींना पाळी सुरू होते, तेव्हा जुन्यावर भागत नाही. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत १३ ते १५ वर्षांच्या मुलींसाठी रोज ३० मिलिग्रॅम आणि मुलांसाठी २२ मिलिग्रॅम लोह आहारात असावे असे म्हटले आहे. आहारात असलेल्यातले थोडेच शोषले जाते, हे धरून केलेला हा हिशेब आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी या वयासाठी का आहे, तेही इथे कळते. रक्तक्षय झालेल्या मुलीला भाकरी आणि लिंबू यांच्या भरवशावर ठेवायचे नाही. तिला गोळी आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच. आहार ही त्याखालची कायमची जमीन.

ही जमीन बियाण्यातच सुधारता येते का? येते, आणि त्याचा एक सुंदर पुरावा महाराष्ट्रातच आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या बाजरीपासून निवडलेला ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण १९८८ साली आपल्याकडे आला. त्यातून जास्त लोहाची झाडे निवडत इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचे विद्यापीठ यांनी ‘धनशक्ती’ हा वाण घडवला, आणि २०१२ साली तो महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. मग महाराष्ट्रातल्या वसतिशाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर एक चाचणी झाली. काहींना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी आणि शेव, काहींना साध्या बाजरीची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की सुरुवातीला लोह कमी असलेल्यांपैकी, सहा महिन्यांत कमतरतेतून बाहेर येण्याची शक्यता लोहसमृद्ध गटात १.६४ पट होती. पुढे २०१८ साली आलेल्या अभ्यासात त्या गटाची एकाग्रता आणि स्मरणशक्तीही जास्त सुधारलेली आढळली. ताटात भाकरी तीच, बनवण्याची रीत तीच. बदलले होते ते बियाणे, आणि फरक पडला मुलांच्या लक्ष देण्यात.

शेतीचे शिक्षण आणि पोषणाचे शिक्षण आपण वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या पुस्तकांत ठेवले आहे. मातीचा सामू एका ठिकाणी, हिमोग्लोबिन दुसऱ्या ठिकाणी. गावात मुक्कामाला आलेली विशी-एकविशीची कृषिकन्या या दोन्हींच्या मधोमध उभी असते. तिला चुनखडीची जमीन कळते, शाळेतल्या मुलींना ती परकी मोठी बाई न वाटता ताई वाटते, आणि ज्या घरी ती जेवते तिथल्या आजीकडून आंबील आंबवण्याची रीतही ती शिकू शकते. म्हणून माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया यांच्या बरोबरीने हा बांधापासून ताटापर्यंतचा तास प्रत्येक कार्यानुभवात असावा, असे मला मनापासून वाटते. शाळेच्या परसबागेत शेवगा आणि लिंबाचे झाड लावून त्याची सुरुवात करता येईल.

त्याचा लाभ मुलांपुरता थांबणार नाही. या कृषिदूत-कृषिकन्यांपैकीच काही जण उद्या वाण घडवणार, शिफारशी लिहिणार आहेत. २०१८ साली भारताने बाजरीच्या नव्या वाणांसाठी किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असण्याचा निकष ठरवला. हेक्टरी किती क्विंटल, या प्रश्नाला किलोत किती मिलिग्रॅम, हा दुसरा प्रश्न जोडला गेला. ज्याने कधी आठवीच्या वर्गात उभे राहून शिकवले आहे, असा संशोधक हे दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारेल, कारण पीक कोणाच्या ताटात जाते ते त्याने पाहिलेले असेल.