दोन-दहाच्या बांगड्या आणि गोवळकोंड्याच्या पायऱ्या

लाड बाजारातले बांगडीवाले मनगटाला हात न लावता माप सांगतात. २००८ साली आम्ही चारमिनार बघायला गेलो, तेव्हा त्या दुकानदाराने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मागच्या फळीवरची पेटी खाली काढली. "दो-दस, अम्मा."

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी बांगड्या घ्यायच्याच नव्हत्या. चारमिनारचा जिना गोल, अरुंद आणि अंधारा. मध्येच दम लागला आणि मागे माणसांची रांग अडकली तर? या भीतीने मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या, मी बांगड्या बघते." अहो आणि दहा वर्षांची लेक वर गेले. वरच्या सज्जातून तिने हात हलवला, मी खालून पिशवी हलवली. घरी आल्यावर ती आजीला कानडीत सांगत होती, "अम्मा मेले बरलिल्ला." अम्मा वर आलीच नाही. ते वाक्य मी पंधरा वर्षं विसरले नाही.

आमचं घर बिदर जिल्ह्यातलं. माहेर मराठी, सासर कानडी, आणि हैदराबाद दोघांनाही सारखंच जवळचं. १९५६पर्यंत बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि मराठवाडा हे सारं हैदराबाद राज्यातच होतं. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं मोठा दवाखाना म्हटलं की अजून हैदराबादच म्हणतात. माझा दवाखानाही तिथलाच निघाला.

माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. मधुमेहाच्या तीन गोळ्या, रक्तदाबाची एक, रात्री घोरणं, गुडघे तर विचारूच नका. "खात्यापित्या घरची आहे" असं म्हणून लोक विषय संपवत. डाएट मी पाच-सहा वेळा केलं. दर वेळी दहा किलो गेले आणि बारा परत आले. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा मी घाबरले. अत्ती तर म्हणाल्या, देवाने दिलेलं पोट कोणी कापून घेतं का? अहोंनी नितीन गडकरींचं उदाहरण काढलं. त्यांनी २०११मध्ये मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. "ते मंत्री, मी शाळेत मराठी शिकवणारी बाई," असं म्हणून मी आणखी वर्ष घालवलं.

शेवटी नोव्हेंबर २०२३मध्ये बायपास झालं. पोटाच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे थोडक्यात पोट भरतं आणि अन्न आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जातं. भुकेचे आणि साखरेचे संदेश देणारी संप्रेरकंही बदलतात. म्हणून वजन उतरायच्या आधीच पुष्कळांची साखर खाली येते. माझी आली. विम्याचं मात्र डोकं खाल्लं. विमा नियामकांच्या २०१९च्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० किंवा अधिक असेल, किंवा ३५च्या वर असून मधुमेहासारखा आजार जोडीला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेलं हे ऑपरेशन विम्यातून वगळता येत नाही. माझा बीएमआय ४७ होता. तरी कंपनीने तीन वेळा कागद परत पाठवले. ज्या मैत्रिणी विचार करताहेत त्यांनी आधीचे सगळे रिपोर्ट, अगदी जुन्या डाएटच्या चिठ्ठ्यासुद्धा, फाइलला लावून ठेवाव्यात.

पुढचे महिने काही सोपे नव्हते. आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, ती अजून तशीच आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आता जन्माचे सोबती. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून मनाने गोळी आणायची नाही, कारण काही वेदनाशामकांनी जोडलेल्या जागी अल्सर होतो. आणि सगळ्यात कठीण म्हणजे पंगत. "इष्टे?" असं अत्ती रोज विचारत. एवढंच? "साकु, अत्ती," मी रोज म्हणत असे. सून जेवत नाही म्हणजे रुसली आहे, ही आपल्याकडची समजूत. ती काढायला ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागले.

चालणं मात्र पहिल्याच संध्याकाळपासून सुरू झालं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून नर्सने हाताला धरून व्हरांड्यात फिरवलं. नंतर बिदरच्या किल्ल्यात रोज सकाळी चालायला लागले. आधी दहा मिनिटं, मग तासभर. चौदा महिन्यांत वजन ७९ झालं. मधुमेहाची एकच गोळी राहिली. तेव्हा लेकीने हैदराबादहून फोन केला. ती आता तिथेच नोकरी करते. "आई, या वेळेस बघायला नाही, फिरायला ये. गोवळकोंडा चढू."

जानेवारी २०२५मध्ये आम्ही दोघं बसने निघालो. जहिराबादला बस थांबली तशी मी उतरले आणि स्टँडवर फेऱ्या मारल्या. अहो खिडकीतून बघत होते. पूर्वी हे उलटं असायचं. पिशवीत माझा शिधा होता: फुटाणे, उकडलेली अंडी, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याची बाटली. पाणी गटागटा पिता येत नाही आणि जेवताना तर मुळीच नाही. त्यामुळे प्रवासात दिवसभर घोट घोट पीत राहावं लागतं, नाहीतर चढावर चक्कर ठरलेली.

पहिल्या दिवशी लेकीने मला सायकलवर बसवलं! बाहेरच्या रिंगरोडलगत २०२३मध्ये सौर पॅनेलच्या छपराखालून २३ किलोमीटरचा सायकल मार्ग झाला आहे. भालकीला शाळेत असताना चालवली होती, त्यानंतर आताच. पाच-सहा किलोमीटर गेले असेन, पण उतरताना पाय थरथरत होते आणि मी हसत होते.

त्याच हुशारीत रात्री चूक केली. हॉटेलात बिर्याणीतले मटणाचे दोन तुकडे नीट चावून खाल्ले, तिथवर ठीक होतं. मग खुबानी का मीठा आला. जर्दाळूचा तो गोड पदार्थ, वर साय. तीन चमचे खाल्ले. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम आला, पोटात कळा. साखर त्या छोट्या पिशवीतून एकदम आतड्यात उतरली की असं होतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी खाल्लं. लेकीच्या खोलीवर तासभर आडवी पडून राहिले. अहो म्हणाले, उद्याचं राहू दे. मी काही बोलले नाही. रात्रभर मला ती चारमिनारची पिशवी आठवत होती.

सकाळी बरं वाटलं. गोवळकोंडा म्हणजे तेलुगूत गोल्ल कोंडा, गुराख्यांची टेकडी. गोल्ल हा शब्द कानडीतही आहे. काकतीयांच्या काळातला हा मातीचा गड कुतुबशाहीत दगडाचा झाला. १६७७मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज भागानगरला आले आणि अबुल हसन कुतुबशहाने त्यांचा मोठा सन्मान केला. कारभार तेव्हा मादण्णाच्या हाती होता. दहा वर्षांनी, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर, औरंगजेबाने हा किल्ला घेतला. शाळेत हे शिकताना किल्ला कधी आपल्या पायाखाली येईल असं वाटलं नव्हतं.

अहोंचा गुडघा गेल्या वर्षापासून धरतो. ते फतेह दरवाज्यापाशी सावलीत बसले. "सावकाश," ते म्हणाले. हा शब्द मराठीत आणि कानडीत एकच. डॉक्टरांनीही मला घास घेताना तोच सांगितला होता.

वर बालाहिसारपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, उंच-सखल, काही गुडघ्याएवढ्या. मी पन्नास चढायचे आणि थांबायचे. दोन घोट पाणी, चार फुटाणे. रामदासाच्या कोठडीपाशी बराच वेळ बसलो. हा भद्राचलमचा तहसीलदार. सरकारी महसूल रामाच्या देवळावर खर्च केला म्हणून इथे कैदेत होता. आपल्या दामाजीपंतांची गोष्ट आठवते ना? लेकीला ती माहीत नव्हती. तिथेच बसून सांगितली आणि त्या निमित्ताने माझा श्वासही जागेवर आला. दोनशेच्या पुढे पोटऱ्या दुखायला लागल्या. एक आजोबा नातवाचा हात धरून माझ्यापुढे गेले तेव्हा लाज नाही वाटली, हेवा वाटला.

जगदंबेच्या देवळाशी पोचलो, मग शेवटच्या पायऱ्या, आणि बारादरीच्या गच्चीवर वारा. सगळं हैदराबाद खाली पसरलेलं. लेकीने मला चारमिनार दाखवायचा प्रयत्न केला, पण धुक्यात मला काही दिसला नाही.

फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती जवळजवळ किलोमीटरभर लांब, इथे वर ऐकू येते. शत्रू आला तर खबर द्यायची ती युक्ती. खाली शाळेची सहल आली होती आणि पोरं सारखी टाळ्या पिटत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"केळिस्ता?" अहो विचारत होते. ऐकू आलं का?

पन्नास टाळ्यांत त्यांची कुठली, कसं कळणार. लेक कठड्यावर ओणवून हसत होती.

"इन्नोम्मे," मी म्हटलं. आणखी एकदा.