डॉक्टरांच्या केबिनबाहेरचं टेबल

"मेडिकल सेक्रेटरी म्हणजे रिसेप्शनिस्टच की, जरा मोठ्या हॉस्पिटलातली!" मुलाने किंवा मुलीने या कामात जायचं म्हटलं की घरातलं पहिलं वाक्य बहुधा हेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात मात्र रिसेप्शनिस्ट कारकुनी गटात येते, तर मेडिकल सेक्रेटरी तंत्रज्ञ आणि सहयोगी व्यावसायिकांच्या गटात. आपल्याकडे २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतही या पदाचा उल्लेख आहे. गैरसमज होतो तो छोट्या नर्सिंग होममुळे. तिथे नंबर लावणारी, बिल करणारी आणि डिस्चार्ज समरी टाइप करणारी व्यक्ती एकच असते. जाहिरातीत तर हुद्दा कुठे ओपीडी कोऑर्डिनेटर, कुठे टीपीए डेस्क असा काहीही असतो. तेव्हा हुद्द्यावर जाऊ नये, काम काय ते विचारून घ्यावं.

"डॉक्टर सांगतील ते टाइप करायचं, त्यात डोकं कशाला?" हा दुसरा गैरसमज, आणि सगळ्यात महागात पडणारा. डिस्चार्जची सकाळ घ्या. राउंडला डॉक्टर "आज सोडू" म्हणतात आणि नातेवाईक लगेच पिशव्या भरायला घेतात. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. पण ते घड्याळ चालू होतं रुग्णालयाची विनंती गेल्यावर. फाइल चाळताना सेक्रेटरीला दिसतं, की कॅज्युअल्टीच्या कागदावर मधुमेह सहा वर्षांपासून लिहिलाय आणि समरीच्या मसुद्यात सहा महिन्यांपासून. तशीच पाठवली तर विमा कंपनीची क्वेरी ठरलेली, कारण आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा मुदत लागू होते की नाही, हे याच नोंदीवरून पाहिलं जातं. मग स्वतःच वर्षांचे महिने करून टाकायचे का? मुळीच नाही. फाइल घेऊन डॉक्टरांकडे जायचं, त्यांनी रुग्णाला विचारून खरं काय ते ठरवायचं, आणि दुरुस्ती त्यांच्या सहीनिशी, तारखेसह व्हायची. या खेपेत अर्धा तास जातो, नातेवाईकांची बोलणीही खावी लागतात. विसंगती ओळखणं हे सेक्रेटरीचं काम, निर्णय डॉक्टरांचा.

"कागदाची चूक ती, फार तर ओरडा बसेल." सोनोग्राफी केंद्रात काम करणाऱ्याला हे विचारून पाहा. गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली एफ फॉर्म भरावा लागतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जावा लागतो. फॉर्ममधली उणीव ही निव्वळ कारकुनी चूक मानून सोडून द्यावी, असं म्हणत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ३ मे २०१९ च्या निकालात न्यायालयाने ते मान्य केलं नाही. रिकामा राहिलेला रकाना डॉक्टरांना थेट फौजदारी खटल्यापर्यंत नेऊ शकतो. फॉर्म कुणीही भरो, उत्तर डॉक्टरांनाच द्यावं लागतं. म्हणून भरणारा माणूस ते पारखून घेतात.

गोपनीयतेचा गैरसमज जरा नाजूक आहे. "नवराच विचारतोय, सांगितलं तर काय बिघडलं?" बिघडतं. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही उघड करणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीच्या माहितीला २०१७ च्या कायद्याचं संरक्षण आहे. उलट, रुग्णाने स्वतः आपले आंतररुग्ण कागद मागितले तर ते ७२ तासांत द्यावे लागतात. "साहेब आल्यावर बघू" म्हणत आठवडाभर टोलवता येत नाही. कुणाला काय द्यायचं आणि कुणासमोर गप्प बसायचं, हे कळण्यातच या कामाची अर्धी लायकी आहे असं मला वाटतं.

"सायन्स घेतलं नाही, आता दार बंद." नाही. पुष्कळ खासगी रुग्णालयं कुठल्याही शाखेची पदवी, टायपिंग आणि संगणक एवढ्यावर सुरुवात करू देतात; वैद्यकीय भाषा तिथेच शिकावी लागते आणि ती निमूटपणे शिकायची नसते, विचारून घ्यायची असते. चिठ्ठीवरचं "ओडी" म्हणजे दिवसातून एकदा, पण नेत्रविभागात तेच उजवा डोळा. चांगलं मराठीही इथे तितकंच लागतं, कारण संमतीपत्र रुग्णाला समजलं नाही तर त्याखालच्या सहीला अर्थ उरत नाही. हे काम बायकांचंच, ही तर नुसती सवयीची समजूत.

आणि शेवटचा गैरसमज कामात मुरलेल्यांचाच असतो: दहा वर्षं ऐकून ऐकून आता आपल्यालाही कळतं. संध्याकाळी फोन येतो, "डॉक्टर नाहीत का? बरं, तुम्हीच सांगा, चक्कर येतेय, बीपीची गोळी बंद करू का?" उत्तर ठाऊक आहे असं वाटलं तरी द्यायचं नाही. नाव, वेळ, तक्रार लिहून घ्यायची, लगेच डॉक्टरांना किंवा ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना (आरएमओ) कळवायचं, आणि चक्कर वाढली तर थेट कॅज्युअल्टीत या, एवढं सांगायचं.