तिताचा मोले वाचनकट्ट्यावर

पुस्तकाची चर्चा ठरली की पुस्तकातलाच एखादा पदार्थ करू, असं कुणीतरी सुचवतंच. सूचना चांगली आहे, पण नायिका दोनदा चहा पिते म्हणून चहा-भजी ठेवली, तर तो नुसता अल्पोपाहार होतो. जो पदार्थ वगळला तर गोष्टच अडून बसेल, तो करावा. या कसोटीवर लौरा एस्किव्हेल या मेक्सिकन लेखिकेच्या 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' या कादंबरीइतकी सोयीची कादंबरी क्वचितच सापडेल.

मूळ स्पॅनिश कादंबरी 1989 ची. 1992 मध्ये तिच्यावर चित्रपट आला. रचना मासिकासारखी: जानेवारी ते डिसेंबर अशी बारा प्रकरणं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक कृती. काळ मेक्सिकन क्रांतीचा, स्थळ अमेरिकेच्या सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावाजवळचं शेतघर. धाकट्या मुलीनं लग्न न करता आईची मरेपर्यंत सेवा करायची, हा त्या घराचा नियम. त्यामुळे सर्वांत धाकटी तिता अविवाहित राहते आणि तिच्यावर प्रेम करणारा पेद्रो, निदान तिच्या जवळ राहता यावं म्हणून, तिच्या थोरल्या बहिणीशी लग्न करतो. तिताला बोलायची मुभा नाही. तिच्या मनात असेल ते तिच्या हातच्या पदार्थात उतरतं आणि खाणाऱ्यांना भोगावं लागतं. बहिणीच्या लग्नाच्या केकमध्ये तिचे अश्रू पडतात आणि पाहुण्यांचा पुरा मेळावा हुंदके देऊ लागतो.

बारा कृतींपैकी कोणत्या घ्यायच्या? केक सोडून द्या. त्या लग्नासाठी 170 अंडी लागली होती. जूनची कृती तर खाण्याची नाहीच, ती काड्यापेटीतल्या काड्यांची आहे. मार्चमधला गुलाबपाकळ्यांच्या रश्शातला बटेर मोहात पाडतो, पण बाजारातल्या फुलांवर फवारणी असते. करायचाच असेल तर घरच्या कुंडीतला गावठी गुलाब घ्या. शाकाहारी मंडळींसाठी, मूळ कृतीतलं डुकराचं मांस वगळून, नोव्हेंबरचे मिरची घातलेले घेवड्याचे दाणे आहेत. घरात भांडण झालं म्हणून दाणे शिजत नाहीत, तेव्हा तिता त्यांना गाणं म्हणून दाखवते. आपल्या राजम्यावर ते उत्तम जमतं.

डिसेंबरचा पदार्थ म्हणजे चिलेस एन नोगादा. सौम्य मोठी मिरची भाजून सोलायची, तीत सुका मेवा आणि फळं घातलेला खिमा भरायचा, वरून अक्रोडाचा पांढरा रस्सा आणि डाळिंबाचे दाणे. हिरवा, पांढरा, लाल हे मेक्सिकोच्या झेंड्याचे रंग. हा पदार्थ पुएब्ला शहराचा आणि 1821 च्या स्वातंत्र्याच्या वेळचा, असं परंपरा सांगते. आपल्याकडे ढोबळी मिरची आणि सोलापूरचं डाळिंब चालेल, खिम्याऐवजी कुस्करलेलं पनीरही चालेल. अक्रोड मात्र भिजवून एकेक सोलावे लागतात. साल राहिली की रस्सा कडवट होतो आणि काळवंडतो.

पण एकच पदार्थ करायचा तर एप्रिलचा मोले, म्हणजे सुक्या मिरच्या आणि मसाल्यांच्या वाटणाचा दाट रस्सा, करा. पेद्रोच्या मुलाच्या बारशाची मेजवानी आहे. बदाम आणि तीळ भाजल्याचा वास पेद्रोला स्वयंपाकघराकडे ओढून आणतो. तिता गुडघ्यांवर बसून मेतातेवर वाटण वाटते आहे. मेताते म्हणजे आपल्या पाट्यासारखाच दगड, फक्त तीन पायांवर उभा आणि पुढे उतरता. दोघं एकमेकांकडे बघतात, एवढंच घडतं. त्यानंतर तिता पहिली राहत नाही.

या वाटणाची यादी वाचताना मराठी माणूस चमकतो: सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, बदाम, लवंग, दालचिनी. मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. लवंग-दालचिनी आशियातून तिकडे गेली. म्हणून मोलेचं वाटण आपल्या हाताला परकं वाटत नाही.

दहा-बारा जणांना चवीपुरता मोले असा करा. दहा-बारा ब्याडगी मिरच्यांच्या बिया काढून त्या मंद आचेवर परता. करपल्या तर वाटण कडू होईल. गरम पाण्यात भिजवा. तीळ, शेंगदाणे आणि बदाम प्रत्येकी पाव वाटी वेगवेगळे भाजा. चार लवंगा, बोटभर दालचिनी, थोडी बडीशेप, पाच लसूण पाकळ्या, अर्धा परतलेला कांदा आणि घट्टपणासाठी पावाचा तुकडा घालून सगळं गंधासारखं वाटा. तेलावर परता, कोंबडीचा किंवा भाज्यांचा रस्सा घालून अर्धा तास उकळा. शेवटी साधारण 40 ग्रॅम कडू चॉकलेट, मीठ, चिमूटभर साखर. मिल्क चॉकलेट नको. मूळ पदार्थ टर्कीचा; आपण शिजवलेल्या कोंबडीवर किंवा बटाट्यावर ओतावा, सोबत मक्याची भाकरी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका बाईला स्वयंपाकघरात जखडून ठेवल्यानं काय होतं, हे ही कादंबरी पानापानांत सांगते. तिच्यावरच्या चर्चेसाठी यजमानीण सकाळपासून ओट्याशी राबली आणि बाकीचे बाहेर बसून तिताच्या दुःखावर बोलले, तर ते वाचन वाया गेलं. म्हणून मिरच्या निवडणं, तीळ भाजणं, अक्रोड सोलणं सगळ्यांनी वाटून घ्या, पुरुषांनीही. चर्चा वाटण होईपर्यंत थांबवू नका, वाटताना सुरू करा. पाटा असेल तर प्रत्येकानं थोडा वेळ वरवंटा ओढावा. तिताची कादंबरी हातांनाही कळायला हवी.